खुर्च्या लावणाऱ्याने देवाच्या राज्यात काय फरक पडतो?

घणसोलीचा_दादा:
जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. आमची मंडळी म्हणजे चर्च छोटं, भाड्याच्या हॉलमध्ये उपासना होते, मी जरा लवकर जाऊन खुर्च्या लावतो, माईक चेक करतो आणि सगळे गेले की परत आवरतो. बाकी आठवडाभर नोकरी, आणि आमच्या मजल्यावर एक काकू आहेत, मुलगा परदेशात, तर शिफ्ट जमेल तसं त्यांना वाशीला डायलिसिसला सोडतो. बास, संपलं. परवा एक पाहुणे वक्ते आले होते, गावोगावी किती फिरले, काय काय सोसलं, साक्ष ऐकून अंगावर काटा आला खरं, पण घरी येताना वाटलं आपण प्रभूसाठी नक्की केलं काय? मत्तय 10:42 मधला गार पाण्याचा प्याला, म्हणजे लहानातल्या एकाला नुसतं गार पाणी पाजलं तरी त्याचं फळ बुडत नाही हे येशूचं वचन, लहानपणापासून पाठ आहे, पण आमच्या काकूंना तोही देता येत नाही, पाणी मोजून आहे, बाटलीवर पेनाने रेघ मारलीय आणि रेघेखाली पाणी गेलं की बाटली मीच काढून घेतो, म्हणजे उलटाच प्रकार. खरं सांगा, असल्या किरकोळ कामांना काही अर्थ असतो की आपण नुसती मनाची समजूत काढतो?

तलावपाळी:
दादा, रेव्हरंड टिळकांचं उदाहरण घ्या. ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते, डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला, गप्पा झाल्या, त्याने उतरताना त्यांच्या हातात बायबलचा नवा करार दिला. पुढे 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि आज आपण रविवारी टाळ-पेटीवर जी पदं म्हणतो त्यातली कितीतरी त्यांची आहेत. आणि तो माणूस कोण होता? आपल्यातल्या बहुतेकांना त्याचं नाव पण माहीत नाही. त्याला स्वतःला तरी कळलं असेल का आपण कोणाला पुस्तक दिलं ते? आपण ठाणे-पनवेल लोकलमध्ये शेजारच्याकडे बघत पण नाही, कानात इअरफोन!

मिस्साला_उशीर:
आम्हा कॅथलिकांत लिस्यूची संत तेरेजा आहे बघा. पंधराव्या वर्षी मठात गेली, 1897 मध्ये 24 व्या वर्षी क्षयाने वारली, धुणी धुतली, आजारी सिस्टर्सना सांभाळलं, चिडक्या सिस्टरशी हसून बोलली, असलीच कामं. मिशनवर कुठ्ठे गेली नाही. आणि 1927 मध्ये पोपसाहेबांनी तिला मिशनऱ्यांची आश्रयदाती केलं, फ्रान्सिस झेवियरच्या जोडीला! ज्याने अर्धी दुनिया पालथी घातली त्याच्या जोडीला जी मठाबाहेर पडली नाही ती. तुमच्या पाहुण्या वक्त्यांना सांगा हे 😄

खडूस_ठाणेकर:
मला हे सगळं पटतं पण थोडं खटकतं पण. टिळकांची गोष्ट आपण का सांगतो, तर शेवटी मोठं काहीतरी झालं म्हणून. मग ज्या डब्यात पुस्तक दिलं आणि समोरच्याने भेळ बांधायला वापरलं त्याचं काय? मार्क 12 मधली विधवा घ्या. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी टाकली, येशूने शिष्यांना बोलावून मुद्दाम दाखवलं. आणि लगेच पुढच्या अध्यायात तोच म्हणतो की या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही. 70 साली रोमन सैन्याने जाळलंच. म्हणजे हिशेब मांडला तर बाईचे पैसे पाण्यात! तरी त्याला ती दिसली, आणि त्याने तिच्याबद्दल जे म्हटलं ते मंदिर पडलं म्हणून मागे घेतलं नाही. मला तरी एवढंच पुरेसं वाटतं, रिझल्ट शोधत बसू नये.

दुसरं, या विधवेच्या गोष्टीच्या दोनच ओळी आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना झापतोय, ते आपण संदेशात सोयीस्कर गाळतो. दादा एकटाच खुर्च्या का लावतो? बाकी मंडळींना हात नाहीत का? "तुमची सेवा प्रभू बघतो" म्हणून एकाच माणसाला राबवायचं, हे पण चालतं आपल्याकडे. पाळकसाहेबांना स्पष्ट सांगा, पाळी लावा म्हणावं.

घणसोलीचा_दादा:
@खडूस_ठाणेकर भाऊ ते पाळीचं एकदम बरोबर, या रविवारी काढतो विषय, भीती वाटते पण काढतो. विधवेचं असं कधी वाचलंच नव्हतं हो. दोन्ही अध्याय परत सलग वाचले.

सिस्टर_नेरुळ:
मी डायलिसिस युनिटला नर्स आहे, नाईट करून आत्ता वाचतेय, चुका सांभाळून घ्या. दादा तुम्ही "नुसतं सोडतो" म्हणता ना, आमच्याकडे पेशंट सेशन बुडवतात ते बरेचदा सोबतीला कोणी नाही म्हणून, रिक्षाला पैसे नाहीत म्हणून, मग पाणी छातीत साठतं आणि दम लागला की रात्री धावत इमर्जन्सीला आणतात. चार तास मशीनवर पडून उठलं की बीपी खाली आलेलं असतं, चक्कर येते, अशात एकटीने जिना उतरायचा म्हणजे काय ते मला विचारा. आणि बाटली काढून घेणारा माणूस पेशंटला जाम नकोसा असतो, तरी तो लागतोच. मी तर म्हणीन काकूंच्या बाबतीत गार पाण्याचा प्याला तोच आहे, येशूला कळतं क्रिएटिनिन (किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा).

फक्त फिस्तुला (डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेली शीर) असलेल्या हातात त्यांना पिशवी उचलू देऊ नका, त्या हाताला बीपीचा पट्टा पण नको.

घणसोलीचा_दादा:
सिस्टर थँक्यू, पिशवीचं माहीत नव्हतं. एक विचारू? काकू उन्हाळ्यात सारखं शहाळं मागतात, थोडं चालेल का?

सिस्टर_नेरुळ:
डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, पोटॅशियम असतं त्यात. फारच घसा सुकला तर बर्फाचा छोटा खडा चघळायला द्या, आणि तो खडा पण दिवसाच्या पाण्यात धरायचा, काकू म्हणतील बर्फ कुठे पाणी असतं, ऐकू नका.