मदत हवी आहे: सिंथेटिक डेटात दुर्मिळ रुग्ण ओळखू येतात

मुंबईतल्या क्षयरुग्णांच्या नोंदींवरून सीटीगॅनने (खऱ्या तक्त्यांवरून शिकून तशाच नव्या ओळी बनवणारं एआय मॉडेल) सिंथेटिक, म्हणजे खऱ्यासारखा पण कृत्रिम डेटा बनवतोय. नाव, फोन, आभा (आरोग्य खातं) क्रमांक आधीच काढलेत. अडचण दुर्मिळ नोंदींची आहे. समजा पिनकोड ४०००१७, वय ८१, एक्सडीआर टीबी (अनेक प्रमुख औषधांना दाद न देणारा क्षय), सोबत एचआयव्ही. अशी ओळ जवळजवळ जशीच्या तशी बाहेर पडते. पिनचे पहिले तीनच अंक ठेवले तर सगळी मुंबई ४००, म्हणून वॉर्ड आणि पाच-पाच वर्षांचे वयोगट केलेत. डिफरन्शियल प्रायव्हसीत (एकेका व्यक्तीचा ठसा लपवायला ट्रेनिंगमध्ये मोजून गोंगाट मिसळणं) एप्सिलॉन १ ठेवला (हा आकडा जितका लहान तितकी गोपनीयता जास्त) की गळती आटोक्यात येते, पण एक्सडीआरचे रुग्णच गायब होतात, आणि अभ्यास तर त्यांच्यासाठीच आहे! या गटाची फक्त एकत्रित कोष्टकं द्यावीत, की एप्सिलॉन वाढवावा? सिंथेटिक ओळी ट्रेनिंगमधल्या नोंदींच्या जास्त जवळ आहेत की ट्रेनिंगबाहेर ठेवलेल्या नोंदींच्या, ही अंतराची तुलना करतोच. मेंबरशिप इन्फरन्सची (अमुक व्यक्तीची नोंद ट्रेनिंगमध्ये होती का, हे ओळखता येतं का याची) चाचणी दुर्मिळ गटापुरती वेगळी कशी लावता, तेही सांगा.