कुत्रीच्या विम्यात दातांचा खर्च कुठपर्यंत मिळतो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. आमच्या पाच वर्षांच्या पॉमेरेनियनचा विमा उतरवायचा आहे. लहान जातींच्या कुत्र्यांत हिरड्यांचे आजार लवकर बळावतात, म्हणून दातांच्या कलमावरच माझा जीव अडकलाय.

पॉलिसीत 'अपघाताने झालेली दंतइजा' धरली आहे. हाड चावताना दाढ फुटली तर तो अपघात मानतात का? आणि हिरडी सडून दात काढावा लागला, तर तो आजारात बसतो की सरळ वगळतात? नुसतं स्केलिंग, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडून काढणं, नेहमीच्या देखभालीत मोडतं, ते मिळणार नाही हे मान्य. पण कुत्र्याला त्यासाठीही पूर्ण भूल द्यावी लागते, आधी रक्ततपासणी, शिवाय मुळांचा एक्स-रे. पैसा तिथेच जातो. त्याच भुलीत एखादा दात काढला, तर बिल वेगवेगळं करून घ्यावं का?

सगळ्यात मोठी धास्ती वेगळीच. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी केसपेपरवर 'दातांवर थोडं कीटण' लिहिलंय. अर्जात मी ते सांगणारच, लपवणं मला पटत नाही. पण तेवढ्यावरून पुढचा प्रत्येक दातांचा क्लेम 'आधीपासूनचा आजार' म्हणून नाकारतील का? आत्ता दात साफ करून, डॉक्टरांकडून तसं लिहून घेऊन मग विमा काढला तर फरक पडेल?

पणजी, म्हापसा, मडगावकडे कुणाचा दातांचा क्लेम खरोखर मंजूर झाला असेल, तर कोणते कागद मागितले तेवढं कृपया सांगा.