मदत हवी आहे: पीसी आपोआप रीस्टार्ट होतोय, फॉरमॅट मारूनही तेच

काजूबोंड:

नमस्कार मंडळी, घरच्या पीसीने अक्षरशः वैताग आणलाय. काम चालू असताना मधेच स्क्रीन काळी होते आणि पीसी आपला आपणच परत चालू होतो, ना मेसेज ना काही. कधीकधी मात्र निळी स्क्रीन येते, तो रडका चेहरा आणि टक्के मोजत बसणं, आणि खाली दरवेळी वेगळंच नाव. मेमरी मॅनेजमेंट येऊन गेलं, आयआरक्यूएल कायतरी आलं, पेज फॉल्ट पण बघितलाय. दुकानात नेला तर तिथे दिवसभर चालू ठेवूनही गप्प, त्याने विंडोज करप्ट आहे म्हणून फॉरमॅट मारून दिला, घरी आणला आणि त्याच संध्याकाळी परत सुरू. आता म्हणतो मदरबोर्ड गेलाय, बदलून घ्या.

रायझन ५ ५६००जी, बी४५० बोर्ड, रॅम ८+८, ५०० जीबी एनव्हीएमई, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) कॅबिनेटसोबत आलेलाच आहे, वर ४५० वॅट लिहिलंय. विंडोज ११. आम्ही रत्नागिरीच्या बाजूला खेड्यात राहतो, लाईटचा खेळ चालूच असतो म्हणून पीसी इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतलाय, त्यामुळे लाईटचा प्रॉब्लेम नसणार. मी घरून लोकांची अकाउंट्स लिहितो, २० तारखेच्या आत जीएसटीचे ३बी रिटर्न भरायचे असतात आणि हा बाबा एंट्री मारता मारता झोपतो. बोर्ड बदलायला हरकत नाही पण नक्की तोच गेलाय का हे कसं कळणार?

आळशी बोका:

लिनक्स टाका. (पळतोय)

खटपट्या:

बोकोबा, पळा पळा.

काजूबोंड, बोर्ड इतक्यात बदलू नका. आधी काळी आणि निळी वेगळ्या करा, दोन्ही एकच दुखणं आहे असं धरून चालू नका. निळी म्हणजे विंडोजला गडबड कळली आणि तिने स्वतःहून गाडी थांबवली. काळी म्हणजे बहुतेकदा विंडोजला काही कळायच्या आतच खालून वीज गेली किंवा मशीन पार गोठलं.

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टीम. तिथे लाल खुणेचं कर्नल-पॉवर ४१ दिसेल. ४१ बघून घाबरू नका, ते कारण नाही, मागच्या वेळी नीट शटडाऊन झालं नव्हतं एवढंच पुढच्या बूटला लिहून ठेवतं. त्यात डिटेल्सवर जाऊन बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा नंबर, बघा. ० असेल तर निळ्या स्क्रीनची नोंदच झालेली नाही, म्हणजे काळीवाला प्रकार. आकडा असेल तर तो दशमानात असतो, लोक इथे चकतात, २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, १० म्हणजे तो आयआरक्यूएल, ८० म्हणजे पेज फॉल्ट. प्रत्येक नोंदीची वेळ लिहून घ्या, ती सगळ्यात महत्त्वाची. आणि सिस्टीम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी मधली ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढा, म्हणजे निळी स्क्रीन आली तर तिथेच थांबेल, आपण चहा करायला उठलो असलो तरी वाचता येईल.

निळीवर दरवेळी वेगळं नाव येत असेल तर माझा पहिला संशय रॅमवर. एकच ड्रायव्हर बिघडला असता तर बहुतेक तेच तेच नाव आलं असतं. दोन्ही पट्ट्या एकाच वेळी घेतल्या होत्या का?

तिरफळ:

रॅम काढून सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा आधी. हसू नका, आपल्याकडच्या दमट हवेत निम्मे पीसी त्यानेच बरे होतात. आमच्या कॅबिनेटमधे पालीने अंडी घातलेली सापडली होती ते वेगळंच. पॉवर केबल काढून मगच उघडा हां.

काजूबोंड:

तिरफळताई, खोडरबर झाला, पालीची अंडी नाहीत, मुंग्या होत्या.

रॅम एकत्र घेतलेली नाही. एक पट्टी ३२०० ची पीसीबरोबरची, दुसरी २६६६ ची, दुकानवाल्याने नंतर घातली आणि म्हणाला बायोसमधे एक्सएमपी (रॅम जास्त स्पीडला चालवायचं सेटिंग) चालू करून देतो, स्पीड मिळेल.

इव्हेंट व्ह्यूअर बघितला, लाल नोंदींचा नुसता सडा पडलाय. पण खटपट्या म्हणतात तसं वेगळं केलं तर बगचेक ० वाल्याच जास्त आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या सकाळी सात-साडेसात नाहीतर संध्याकाळी सहाच्या पुढे. २६ आणि १० वाल्या मात्र दिवसभर कधीही, वेळेचा पत्ता नाही. टेंपरेचर पण बघितलं, साठच्या वर जात नाही.

खटपट्या:

बघा, दोन आजार आहेत. निळीचं माझ्या मते उघड आहे, एक्सएमपीने बोर्ड ३२०० चं सेटिंग लावतो आणि २६६६ ची पट्टी पण त्याच्यामागे फरफटत धावते. एक्सएमपी बंद करा, दोन्ही २६६६ किंवा त्याच्या खाली चालू देत, टॅलीला काही फरक पडत नाही. मग पेनड्राईव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) घेऊन रात्रभर लावा. एकही लाल ओळ आली तरी फेल समजायचं, "एकच तर एरर आहे" असं चालत नाही. आली तर एकेक पट्टी एकटी लावून परत टेस्ट.

सात आणि सहाला घरात काय चालू होतं?

काजूबोंड:

सात आणि सहा म्हणजे विहिरीवरचा पंप. सकाळी टाकी भरायला आणि संध्याकाळी बागेला, आई लावते. पण पीसी इन्व्हर्टरवर आहे ना?

वायरमन:

मधे घुसतो, हे माझं रोजचं काम. इन्व्हर्टरवर आहे म्हणजे सुरक्षित आहे हा मोठा गैरसमज. लाईट असते तेव्हा साधा घरगुती इन्व्हर्टर बाहेरची लाईट जशी येते तशीच पुढे ढकलतो, सुधारून देत नाही. इन्व्हर्टरच्या मागे नाहीतर पुढे एक छोटा स्विच असतो, यूपीएस आणि इको किंवा नॉर्मल. बरेच जण तो इकोवर ठेवतात कारण त्यात बॅटरी कमी वापरली जाते. इकोमधे व्होल्टेज साधारण शंभरपर्यंत पडलं तरी तो बॅटरीवर जात नाही, यूपीएस मोडमधे साधारण १८० च्या खाली गेलं की जातो आणि लवकर जातो.

पंपाची मोटर उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, ते अर्धा-एक सेकंद घरातलं व्होल्टेज बसतं, बल्ब डीम होतो बघा. पीसीचा एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर १५-२० मिलीसेकंद तग धरतो, अर्धा सेकंद नाही. त्यात एसएमपीएसचं लेबल बघा, इनपुट १००-२४० लिहिलंय की नुसतं २००-२४० किंवा २३०. पहिला असेल तर दीडशे व्होल्टला पण चालेल, दुसरा असेल तर मान टाकणार. दुकानात पंप नाही म्हणून दुकानात बंद पडत नाही, बाकी काही जादू नाही.

मल्टीमीटर असेल तर सॉकेटला लावून आईंना पंप लावायला सांगा. नसेल तर लोकल वायरमनला बोलवा आणि लाईटच्या मीटरपासून घरातल्या स्विचबोर्डापर्यंत न्यूट्रल लूज आहे का ते पण बघून घ्या, स्वतः उघडू नका. पंपाचा कपॅसिटर कमजोर असेल तर मोटर रखडत उठते आणि झटका लांबतो, तो स्वस्तात बदलून मिळतो.

काजूबोंड:

वायरमनदादा, पाया पडतो. मल्टीमीटर शेजाऱ्यांकडून आणला. एरवी २०५ आणि पंप उठताना आकडा १५० च्या आसपास जाऊन परत वर, आणि त्याच क्षणी पीसी गेला, माझ्या डोळ्यादेखत. आईला परत परत पंप चालू-बंद करायला लावला तर ती म्हणाली पंप जाळायचाय का. इन्व्हर्टरचा स्विच इकोवरच होता. एसएमपीएसवर फक्त २३० लिहिलंय, बाकी कोरा. यूपीएस मोड केल्यावर पंप लावला की इन्व्हर्टर टक् करतो, पीसी हलत नाही.

रॅमचं पण सांगतो. एक्सएमपी चालू ठेवून मेमटेस्ट लावली, थोड्याच वेळात लाल ओळींची रांग. बंद करून रात्रभर लावली, पास. तेव्हापासून निळी आलेली नाही.

आता प्रश्न एवढाच, संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज तसंही १८० च्या आसपास असतं, त्यामुळे लाईट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जातोय आणि बॅटरी उतरतेय. त्यासाठी पीसीला वेगळा यूपीएस घेऊ की एसएमपीएस बदलू?

वायरमन:

आधी एसएमपीएस. चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा, इनपुट १००-२४० वाला, ग्राफिक कार्ड नाही त्यामुळे मोठा नको. तो आला की स्विच परत इकोवर टाकून बघा, पंपाला पीसी टिकला तर यूपीएसचा खर्च वाचला. फक्त लाईट पूर्ण जाते तेव्हा इकोमधे बदल व्हायला जास्त वेळ लागतो, तेव्हाही टिकतो का ते मेन बंद करून तपासा, काम सेव्ह करून. नाही टिकला तर ६०० व्हीएचा यूपीएस घ्या, पण तो इन्व्हर्टरच्या लाईनवर लावू नका, थेट मेनच्या सॉकेटला लावा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर यूपीएस त्याची लाईट घेतच नाही, नुसता बोंबलत बसतो.

खटपट्या:

आणि बोर्ड बदलायचा ॲडव्हान्स दिला असेल तर आजच परत मागा.

काजूबोंड:

दिला नव्हता. एसएमपीएस ऑर्डर केलाय, आल्यावर इथेच लिहितो. तोवर आईला सांगितलंय, पंप लावायच्या आधी हाक मार.