वाघिणीचा रात्रीचा पिंजरा पावसाळ्यात वाळतच नाही, शिवाय फिनेलचा वास. काय करावं?

नवा_प्राणीपाल
मांसाहारी विभागात मदतनीस आहे, मुंबईतच. वाघिणीच्या रात्रीच्या पिंजऱ्याची फरशी सकाळी आठला धुतली तरी दुपारी चारला ओलीच असते. इथली पद्धत अशी: पाईपने जोरात पाणी मारायचं, मग बादलीत दोन झाकणं काळं फिनेल टाकून फरशीवर ओतायचं. पाऊस लागल्यापासून तो वास खोलीतून हटत नाही. संध्याकाळी दार उघडलं की वाघीण उंबऱ्याशी थांबते, फरशी हुंगते, मागे फिरते. सात किलो मांसातलं दीड-दोन किलो उरतं. फिनेलऐवजी काय वापरावं? धुण्याचा नीट क्रम काय? आणि उरलेलं मांस हे आजारपण समजायचं की हवेचा परिणाम?

राणीबाग_रोज
फिनेल आजच बंद करा, बाकीचं नंतर. मांजर कुळातल्या प्राण्यांचं यकृत फिनेलमधल्या फिनॉलचा निचरा नीट करू शकत नाही. ओल्या फरशीवरून पंजाला लागतं, वाघीण पंजा चाटते आणि ते पोटात जातं. ‘पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होतं ते चांगलं’ असं स्टोअरवाले सांगतील. वाघिणीसाठी ते चांगलं नाही.

आता क्रम. आधी डोकी मोजा. प्राणी बाहेरच्या मोकळ्या जागेत डोळ्यांनी दिसल्याशिवाय पिंजऱ्याच्या कुठल्याही कुलपाला हात लावायचा नाही. मग मधला सरकता दरवाजा पाडा, खिट्टी, कुलूप, आणि कुलूप हाताने ओढून बघा. पावसात खिट्टीचं भोक गंजतं आणि कुलूप लागल्यासारखं वाटतं पण अडकलेलं नसतं. आठवड्यातून एकदा ग्रीस. दुसरा माणूस बरोबर हवाच, कितीही घाई असली तरी.

आत गेल्यावर लगेच पाणी मारू नका. दोन मिनिटं उभं राहून बघा: विष्ठा किती, कशी, कुठे, उलटी, रक्ताचा डाग, तुटलेलं नख, उरलेलं हाड. पाईप सुरू झाला की हे सगळं गटारात जातं आणि डॉक्टरांना सांगायला काही उरत नाही. बघून, नोंदवून झालं की विष्ठा फावड्याने कोरडीच उचला. जोराच्या पाण्याने ती भिंतीवर उडते, शिवाय तुमच्या तोंडावर. मग साबणाचं पाणी आणि काथ्याचा ब्रश, कोपरे आधी. साबण पूर्ण धुऊन काढा.

त्यानंतर ब्लीच. बाजारात मिळणारं पातळ सोडियम हायपोक्लोराइट साधारण ५ टक्क्यांचं असतं. रोजच्यासाठी १५ लिटर पाण्यात अर्धा लिटर. जुलाब झालेल्या पिंजऱ्यात १५ लिटरला दीड लिटर. १० मिनिटं फरशीवर राहू द्या, मग स्वच्छ पाण्याने धुवा. घाणीवर ब्लीच टाकलं तर ते घाणीशीच भांडण्यात संपतं, म्हणून साबण आधी. लघवी साचलेल्या जागी थेट ओतू नका. अमोनियाशी मिळून वायू होतो, डोळे आणि छाती जळते. संडासाच्या ॲसिडशी तर कधीच मिसळू नका. द्रावण रोज नवं करा, कॅन उन्हात ठेवू नका.

वाळवण्याचं गणित वेगळं आहे. आधी बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबतं ते खडूने आखा. उतार चुकलेला असतो किंवा जाळीत केस अडकलेले असतात. रबरी वायपर दोनदा फिरवा, एकदा धुतल्यावर आणि एकदा अर्ध्या तासाने. पंखा प्राणीपालाच्या बाजूच्या पॅसेजमध्ये, गजांपासून पाच-सहा फूट लांब, वायर पंजा पोहोचणार नाही अशी. समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट नसेल तर पंखा ओली हवाच गरगरा फिरवत बसतो.

लाकडी मचाण रोज धुऊ नका. वाघिणीचा स्वतःचा वास कुठेतरी राहायला हवा. सगळं चकाचक केलं की ती अस्वस्थ होते आणि पुन्हा खुणा करत सुटते. मचाण दिवसाआड, तेही फक्त घासून.

भाजी_गल्ली
राणीबागेतल्या पेंग्विनसारखा एसी लावून टाका की!

राणीबाग_रोज
पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे, त्यांचा कक्ष १६ ते १८ अंशांवर ठेवावाच लागतो. आणि तिथेही खरी डोकेदुखी कोंदट हवेचीच: बुरशीचे बीजाणू फुप्फुसात गेले की पक्षी हातचा जातो. वाघाला मुंबईची उष्णता चालते. त्याला हवी खेळती हवा आणि कोरडी फळी.

परळ_स्लाइड
मांस उरण्याबद्दल. एका दिवसावरून काही ठरवू नका. आठवड्यातला एक दिवस उपास असतो, त्याच्या आदल्या आणि नंतरच्या दिवसाची भूक वेगवेगळी. उरलेलं हाडासकट वजनकाट्यावर ठेवा आणि तारखेसमोर किलो लिहा. ‘थोडं उरलं’ या शब्दाला दप्तरात काही किंमत नाही. तीन जेवणं सलग पाव भागापेक्षा जास्त उरलं, किंवा उलटी, लाळ, हाड न फोडता टाकणं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. हाड टाळून मऊ मांस तेवढं खाल्लं असेल तर दात आधी बघायला सांगा.

मांसही तपासा. म्हशीचं मांस सकाळी येऊन दुपारपर्यंत बाहेर पडलं तर पावसाळी दमटपणात चिकट होतं. बोट लावून तार सुटली तर परत पाठवा. ४ अंशांखाली ठेवा, द्यायच्या अर्धा तास आधीच बाहेर काढा. चव बदलायला कच्ची कोंबडी देण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले.

विष्ठेचा नमुना सकाळचा ताजा, फरशीला न टेकलेल्या वरच्या भागातला, सुपारीएवढा. डबीवर प्राणी, तारीख, वेळ. फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठल्यावर जंतांची अंडी फुटतात.

नवा_प्राणीपाल
फिनेल थांबवायला साहेबांशी बोललो. एक शंका: शेजारच्या पिंजऱ्यात दोन बिबटे रात्री एकत्र असतात. नमुना कोणाचा हे कसं ओळखायचं?

परळ_स्लाइड
जेवण वेगवेगळं देता ना? मग एकाच्या मांसात खायचा हिरवा रंग चमचाभर चोळा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विष्ठा हिरवट दिसेल, ती त्याची. लाल रंग वापरू नका, रक्त समजून धावपळ होते.

खूर_शिंग
विषय वाघाचा, पण हेच पाणी वाहत आमच्या चितळांकडे येतं म्हणून लिहितो. तुमच्या गटाराचा निचरा हरणांच्या वाड्यात जात नाही ना, ते बघा. सतत चिखलात उभं राहिलं की खूर मऊ पडतो, फटीत जंतू शिरतात आणि लंगडणं सुरू होतं. खाण्याच्या गव्हाणीभोवती मुरमाचा उंचवटा करून घ्या, एरवी सगळी तिथेच चिखल तुडवत उभी राहतात.

दाराशी पायधुणी (पाय बुडवून जायचं जंतुनाशक पाणी) ठेवली असेल तर रंग बघत जा. पोटॅशियम परमँगनेटचं पाणी गुलाबी असेपर्यंत कामाचं, तपकिरी झालं की ओता. पावसात ते तासाभरात पातळ होतं, वर पत्रा टाका. आणि गमबूट न घालता त्या गटारात उतरू नका. उंदरांचं मूत त्यात असतं, पायाला चीर असेल तर लेप्टो व्हायला वेळ लागत नाही. ताप आला तर डॉक्टरांना कामाची जागा आधी सांगा, मग लक्षणं.