लेकीला रात्री झोप लागत नाही, ऑनलाइन सीबीटी करून बघू का?

सांगलीची_आई:
लेक अकरावीला आहे, वय 16. गेले चार महिने रात्री झोपच लागत नाही तिला. दहाला आडवी होते आणि दोन-अडीचपर्यंत नुसती कूस बदलत असते, मी पाणी प्यायला उठले की तिच्या दाराखालून उजेड दिसतो आणि पोटात कालवतं. सकाळी सहाला क्लास, तिथे डुलक्या काढते म्हणून सरांचा फोन आला. जायफळ घालून दूध, तळपायाला तेल, सगळं करून झालं. डॉक्टर म्हणाले रिपोर्ट नॉर्मल आहेत, गोळी नको, झोपेसाठीची सीबीटी करा, म्हणजे सवयी आणि विचार बदलून झोप सुधारायची थेरपी. इथे करणारं कोणी सापडेना, पुण्याच्या एक मॅडम ऑनलाइन करतात. पण स्क्रीनमुळे झोप उडाली म्हणायचं आणि औषधही स्क्रीनवरच? मुलांसाठी कोणी केलंय का?

निशिगंध:
आम्ही केलंय, मुलगा दहावीला असताना. आठवड्याला एक अशी सहा सेशन. स्क्रीनवर तेवढंच, बाकी सगळं काम घरातच असतं. पहिल्या आठवड्यात फक्त झोपेची डायरी, कधी आडवा झाला, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठला. मग मॅडमनी हिशोब मांडला, साडेनऊ तास पलंगावर आणि झोप जेमतेम साडेसहा तास. म्हणून सांगितलं की रात्री बाराच्या आधी पलंगावर जायचंच नाही आणि सातला उठायचं, रविवारीसुद्धा. मी तर घाबरलेच, आधीच झोप नाही त्यात अजून उशिरा? पहिले दहा दिवस खरंच वाईट गेले हो, जेवताजेवता डोळे मिटायचे त्याचे. पण मग पलंगावर पडला की झोप यायला लागली. पलंगावरच्या वेळेपैकी 85 टक्के झोप होतेय असं दिसलं की 15 मिनिटं वाढवून मिळायची, असं करत साडेदहावर आलो.

अजून एक, पलंगावर बसून अभ्यास एकदम बंद. वीसेक मिनिटं झोप नाही आली तर उठून हॉलमधल्या खुर्चीत, मंद दिव्यात. आणि तुम्ही रात्री उठून तिच्या दाराकडे बघणं सोडा, मी पण तेच करायचे, तो म्हणाला आई तुझी चाहूल लागली की मला वाटतं आज पण फेल झालो.

समुपदेशक_पुणे:
वरचं सगळं बरोबर, फक्त तास कमी करण्याचा भाग स्वतःच्या मनाने करू नका. फिट येत असेल, मूडचे मोठे चढउतार असतील तर आधी डॉक्टर. घोरत असेल तर तेही तपासून घ्या. ऑनलाइनबद्दल म्हणाल तर अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठाच्या संशोधकांचा 12 ते 19 वयाच्या 116 मुलांवरचा अभ्यास 2015 मध्ये आलाय, इंटरनेटवरून उपचार घेतलेल्यांची आणि गटात समोर बसून घेतलेल्यांची, दोघांचीही झोप उपचाराशिवाय नुसतं थांबवून ठेवलेल्या मुलांपेक्षा सुधारली. या वयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, तिला दहाला झोप न येणं हा आळस किंवा हट्ट नाही. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सरकारने 2024 मध्ये सांगितलं, मोठ्या मुलांना मात्र सहाचे क्लास, याचं मला फार वाईट वाटतं. क्लासची बॅच बदलता आली तर आधी ते बघा. ती खूप उदास असेल, जगणं नको असं काही बोलली तर थांबू नका, टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात.

जागा_पाखरू:
मी 19 चा, मागच्या वर्षी केलं. मला सगळ्यात उपयोग झाला तो विचारांच्या भागाचा. आज झोप नाही लागली तर उद्याची टेस्ट गेलीच, हे रोज डोक्यात. सेशन घेणाऱ्या ताईंनी जुने मार्क आणि डायरी शेजारी ठेवून बघायला लावलं, कमी झोपेच्या दिवशीही मार्क ठीकच होते. भिंतीवरचं घड्याळ पण काढलं. तिला विचारा की तिला करायचंय का, आईने लावलं म्हणून केलं की डायरी खोटी भरली जाते, मी पहिला आठवडा तसंच केलेलं.

सांगलीची_आई:
सगळ्यांचे आभार. आत्ता तिलाच हे वाचायला दिलं. जागा_पाखरूचं वाचून म्हणाली, माझं पण अस्संच होतं. संध्याकाळच्या बॅचचं उद्या विचारते. मागच्या वर्षीची अर्धी कोरी वही तिने स्वतःच काढलीय डायरीला, मला बघायची नाही म्हणाली.