बॅकहो लोडरला ऑगर जोडण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न: द्राक्षबागेच्या मांडवाचे खांब रोवण्यासाठी खड्डे घ्यायचे असून जमीन वर काळी आणि खाली मुरमाड आहे. आमच्या बॅकहो लोडरला (पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात असलेले यंत्र) ऑगर, म्हणजे खड्डे घेणारे फिरते गिरमिट, बसवायचा झाल्यास आधी काय पाहावे?

उत्तर: यंत्राला जादा हायड्रॉलिक लाइन आहे का, हे पहिले पाहावे. ब्रेकरसाठी (खडक फोडणाऱ्या हातोड्यासाठी) टाकलेली लाइन बहुधा एकाच दिशेने तेल देते, तर ऑगर उलटा फिरवण्यासाठी दोन्ही दिशांचा प्रवाह लागतो. ऑगरच्या मोटरला लागणारा प्रवाह आणि दाब यंत्राच्या पंपाशी जुळतो का, हे दोन्ही माहितीपत्रके शेजारी ठेवून पडताळावे. विक्रेत्याच्या ‘सगळ्याला चालतो’ या शब्दावर जाऊ नये.

उत्तर: मुरमासाठी टंगस्टन कार्बाइडचे दात घ्यावेत, कारण मातीचे साधे दात तिथे लवकर बोथट होतात. अखंड काळा पाषाण लागला, तर मात्र ऑगरचा हट्ट सोडून ब्रेकर लावावा.

उत्तर: ओली काळी माती पात्यांना धरून बसते, म्हणून एका दमात तळ न गाठता थोडे खोदून ऑगर वर घ्यावा, बाजूला नेऊन माती झाडावी आणि मग पुन्हा उतरवावा. अडकल्यास बूमने (यंत्राच्या उचलणाऱ्या हाताने) ओढू नये. उलटा फिरवून सोडवावा. फिरत्या ऑगरजवळ माती ओढायला कोणालाही उभे करू नये.