पन्नास टक्के गाठले, पण कशाचे?

मीटरवाला:
हवामानबदलाच्या पॅरिस करारातलं उद्दिष्ट भारताने २०२२ साली वाढवलं: २०३० पर्यंत विजेची निम्मी स्थापित क्षमता कोळसा-तेल-गॅस सोडून. २०२५ च्या मध्यातच ते गाठलं आणि पेढे वाटून झाले. पण हा आकडा क्षमतेचा आहे, म्हणजे पूर्ण जोरात किती बनू शकेल त्याचा; प्रत्यक्ष बनलेल्या विजेचा नाही. १ मेगावॅटचं सोलर वर्षाच्या सरासरीत जेमतेम पाचवा हिस्सा देतं. दहा युनिटांतली सातेक अजून कोळशाचीच. आमच्या गावाजवळ औष्णिक केंद्र आहे. सकाळी दोरीवर शर्ट टाका, संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं.

ट्रेंटकाठचा:
पेढे खाऊ द्या की राव! अमेरिका करारात आली, गेली, परत आली, २०२५ मध्ये पुन्हा निघाली. तिथे हरितगृह वायूंचं माणशी उत्सर्जन वर्षाला १८ टनांच्या घरात, आपलं ३. आणि कोळसा सुटतो. मी नॉटिंगहॅमला असतो. रॅटक्लिफचे आठ कूलिंग टॉवर गाडीतून दिसतात, वाफ मात्र नाही. ३० सप्टेंबर २०२४ ला ते बंद झालं, ब्रिटनचं शेवटचं कोळसा केंद्र. पहिलं लंडनमध्ये १८८२ साली सुरू झालेलं. त्यांना १४२ वर्षं, आपल्याला लगेच?

भट्टीकर:
त्याच ३० सप्टेंबरला वेल्समध्ये टाटांच्या पोर्ट टॅलबॉट पोलाद कारखान्याची शेवटची झोतभट्टीही (कोळशावर लोखंड बनवणारी) विझली, ते विसरलात. त्याच महिन्यात त्याच समूहाने ओडिशात कलिंगनगरला नवी, भलीमोठी झोतभट्टी पेटवली. उत्सर्जनाचा हिशेब देशाच्या हद्दीत निघालेल्या धुराचा होतो. पोलाद बाहेरून आणलं की धूर दुसऱ्याच्या खात्यात.

ट्रेंटकाठचा:
अर्धवट सांगताय. पोर्ट टॅलबॉटला भंगार वितळवणारी विजेची भट्टी येतेय. १९९० च्या तुलनेत ब्रिटनचं उत्सर्जन निम्म्यावर आलं, त्यातला मोठा वाटा वीजकेंद्रांचा आहे. सगळंच काही परदेशी ढकललेलं नाही. पोलादाचं मात्र मान्य.

मीटरवाला:
माणशी ३ टनांवर माझं भांडणच नाही, तो मुद्दा तुमचाच. पण राजस्थानात भरदुपारी सोलर बंद ठेवावं लागतं, कारण वीज वाहून न्यायला तारा अपुऱ्या. संध्याकाळी सातला सगळ्यांचे दिवे, पंखे, मिक्सर एकदम लागतात तेव्हा सूर्य गेलेला असतो आणि आमच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या जोरात. पुढच्या उद्दिष्टात मेगावॅटचा आकडा खुशाल वाढवा, शेजारी एक रकाना संध्याकाळी सातच्या विजेचाही ठेवा. तो भरला की पेढे मी आणतो.